काउंटरवरचा पीसी सर्व्हरला जोडत नाही: डेटाबेस ड्रायव्हरचा बिघाड शोधायची पद्धत

मुख्य पीसीवर बिलिंग सुरळीत चालतंय आणि शेजारच्या काउंटरवर मात्र ‘सर्व्हर सापडत नाही’ अशी खिडकी येते, ही तक्रार औषधांच्या दुकानापासून पतसंस्थेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. त्यावरचा पहिला उपायही ठरलेला: ड्रायव्हर काढा, पुन्हा टाका, पीसी रीस्टार्ट करा. बहुतेक वेळा ही चोर सोडून संन्याशाला फाशी असते. ड्रायव्हर सॉफ्टवेअरचं मागणं सर्व्हरपर्यंत पोचवतो आणि सर्व्हरचं किंवा वाटेतल्या अडथळ्याचं उत्तर परत आणतो. ते उत्तर आपण वाचत नाही, ‘ओके’ दाबून खिडकी बंद करतो आणि मग अर्धा दिवस अंदाजपंचे धावपळ करण्यात जातो.

इथे मी लहान ऑफिसातली नेहमीची मांडणी धरली आहे. एका विंडोज पीसीवर मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस, बाकीच्या पीसींवर ओडीबीसी (सॉफ्टवेअर आणि डेटाबेस जोडण्याची ठरलेली पद्धत) ड्रायव्हरमधून त्याला जोडणारं सॉफ्टवेअर, मध्ये एक राउटर किंवा स्विच. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे दुसरे डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायची.

आधी खिडकीतला आकडा उतरवून घ्या

एररचा मोबाइलवर फोटो काढा. त्यातलं लांबलचक इंग्रजी वाक्य नंतर वाचलं तरी चालेल, पण आकडा आणि कंसातला कोड आधी बघा. बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे तो आकडाच सांगतो.

‘आयएम’ने सुरू होणारा कोड, म्हणजे आयएम००२, आयएम००३ किंवा आयएम०१४, आला असेल तर विनंती तुमच्या पीसीच्या बाहेरच पडलेली नाही. नेटवर्क, केबल, राउटर यांना हात लावू नका; दोष याच मशीनवरच्या ड्रायव्हरमध्ये किंवा डीएसएनमध्ये (कुठला ड्रायव्हर, कुठला सर्व्हर याची विंडोजमध्ये साठवलेली नोंद) आहे.

११००१ म्हणजे त्या नावाचा पीसी नेटवर्कवर कुणाला माहीत नाही. ५३चा अर्थही साधारण तसाच: नेटवर्कवरची वाट सापडली नाही. १००६० म्हणजे हाक मारली, वाट पाहिली, उत्तर आलं नाही. १००६१ म्हणजे पीसी सापडला, पण त्या पोर्टवर (पीसीत येण्याच्या क्रमांक दिलेल्या दारावर) कुणी ऐकत नव्हतं. एरर २६ म्हणजे सर्व्हरचं मशीन असेलही, पण त्यावरचा तुम्ही सांगितलेला इन्स्टन्स (एसक्यूएल सर्व्हरची स्वतंत्र नाव असलेली प्रत, उदा. एसक्यूएलएक्स्प्रेस) शोधता आला नाही.

१८४५६ आला तर खरं म्हणजे आनंद व्हायला हवा. नाव, पोर्ट, फायरवॉल, ड्रायव्हर सगळं पार करून तुम्ही दारात पोचलात, फक्त लॉगिन नाकारलं गेलं. ४०६० म्हणजे लॉगिनही झालं, पण मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही. हे दोन आकडे समोर असताना फायरवॉल बंद करून बघणारे लोक मी पाहिले आहेत. साप समजून भुई धोपटण्याचा हा प्रकार.

तपासाची सुरुवात सर्व्हर पीसीवरून

‘सर्व्हरवर तर चालतंय’ हे वाक्य फसवं आहे. सर्व्हरच्याच पीसीवरून जोडताना एसक्यूएल सर्व्हर सहसा शेअर्ड मेमरी वापरतो. म्हणजे ती जोडणी नेटवर्कच्या वाटेने जातच नाही. त्यामुळे सर्व्हरवर सॉफ्टवेअर उघडतं यावरून एवढंच कळतं की सेवा चालू आहे. बाहेरच्यांसाठी दार उघडं आहे की नाही, हे कळत नाही.

खरी परीक्षा घ्यायची तर सर्व्हरवरच कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसक्यूएलसीएमडी ही आज्ञा चालवा. त्यात सर्व्हरच्या नावाच्या जागी ‘टीसीपी’, मग विसर्गासारखी दोन टिंबं (कोलन), मग १२७.०.०.१ (पीसीचा स्वतःसाठीचा पत्ता), मग स्वल्पविराम आणि १४३३ असं लिहा. टीसीपी हा शब्द पुढे लावला की शेअर्ड मेमरीची पळवाट बंद होते. पोर्टच्या आधी स्वल्पविरामच लागतो, कोलन नाही. मायएसक्यूएल किंवा वेबच्या सवयीने लोक इथे कोलन टाकतात आणि मग सगळं नीट असूनही जोडणी होत नाही.

इथेच नकार आला, तर काउंटरवर जाऊन काही उपयोग नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी सर्व्हर दुरुस्त करायचा, तो असा.

पहिलं, सर्व्हिसेसची खिडकी उघडून ‘एसक्यूएल सर्व्हर (एसक्यूएलएक्स्प्रेस)’ ही सेवा ‘रनिंग’ आहे का बघा. नसेल तर सुरू करा, आणि स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ आहे याची खात्री करा.

दुसरं, एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा. स्टार्ट मेन्यूत तो कित्येकदा सापडत नाही. तेव्हा विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एसक्यूएलसर्व्हरमॅनेजर’ला जोडून आवृत्तीचा आकडा आणि शेवटी ‘.एमएससी’ असं टाइप करा. २०१७ साठी आकडा १४, २०१९ साठी १५, २०२२ साठी १६. आत ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन’खाली ‘प्रोटोकॉल्स फॉर एसक्यूएलएक्स्प्रेस’ आहे. तिथे टीसीपी/आयपी ‘डिसेबल्ड’ दिसेल. बिघडलंय म्हणून नव्हे. एक्स्प्रेस आवृत्ती येतानाच तशी येते. नव्याने बसवलेल्या सर्व्हरला दुसरा पीसी जोडत नाही, याचं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच. ‘एनेबल’ करा.

तिसरं, त्याच टीसीपी/आयपीवर डबल क्लिक करून ‘आयपी अ‍ॅड्रेसेस’ या टॅबवर जा आणि अगदी तळाला ‘आयपीऑल’पर्यंत उतरा. तिथे दोन चौकटी आहेत. ‘टीसीपी डायनॅमिक पोर्ट्स’मध्ये जे असेल ते पुसून चौकट पूर्ण रिकामी करा. शून्यही ठेवायचा नाही, कारण शून्याचा अर्थ ‘मिळेल तो पोर्ट घे’ असा होतो. खालच्या ‘टीसीपी पोर्ट’मध्ये १४३३ लिहा.

चौथं, सेवा रीस्टार्ट करा. ती केल्याशिवाय वरचं काहीही लागू होत नाही, आणि बरेचसे ‘मी सगळं केलं तरी चालत नाही’ इथेच अडकलेले असतात.

आता कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ‘-एएनओ’ या पर्यायासह चालवा आणि यादीत १४३३ शोधा. त्यापुढे ‘लिसनिंग’ आणि डावीकडे ०.०.०.० दिसलं की सर्व्हर सगळ्या वाटांवर कान देऊन बसलाय. डावीकडे फक्त १२७.०.०.१ असेल तर तो स्वतःशिवाय कुणाचं ऐकत नाही.

पोर्ट पक्का का करायचा

नाव दिलेला इन्स्टन्स स्वतःचा पोर्ट स्वतः निवडतो. पुढच्या वेळी सुरू होताना तो शक्यतो तोच पोर्ट घेतो, पण दरम्यान दुसऱ्या कुणी तो बळकावला असेल तर नवा घेतो. काउंटरच्या पीसीला हा बदल कसा कळणार? त्यासाठी एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर नावाची वेगळी सेवा असते. ती यूडीपी १४३४ वर बसून ‘अमुक इन्स्टन्स सध्या तमुक पोर्टवर आहे’ एवढंच सांगते. ती बंद असेल किंवा यूडीपी १४३४ फायरवॉलने अडवला असेल, तर एरर २६ येतो.

एका औषध दुकानातली गोष्ट अशी. महिनोन् महिने सगळं ठीक चालू होतं. एके दिवशी विंडोज अपडेटनंतर सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि दोन्ही काउंटर बंद. आधी आलेल्या माणसाने फायरवॉलमध्ये ४९ हजारांच्या पुढचा कुठला तरी पोर्ट उघडून दिला होता, कारण त्या दिवशी सर्व्हर त्या पोर्टवर होता. रीस्टार्टनंतर पोर्ट बदलला, नियम मात्र जुन्याच पोर्टचा राहिला. काउंटरवर ड्रायव्हर दोनदा काढून टाकून झाला होता. सर्व्हरच्या लॉगमधली एक ओळ वाचल्यावर उलगडा झाला.

त्या लॉगची ओळख करून घ्या. एसक्यूएल सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ‘लॉग’ नावाचा फोल्डर असतो, त्यात ‘एररलॉग’ नावाची, पुढे कुठलंही एक्स्टेन्शन नसलेली फाइल. नोटपॅडने उघडते. सेवा सुरू होताना ‘सर्व्हर इज लिसनिंग ऑन’ अशी ओळ लिहिली जाते आणि तिच्यात पोर्टचा आकडा असतो. ही ओळच नसेल तर टीसीपी अजून बंद आहे.

पोर्ट १४३३ वर पक्का केला की काउंटरवरून इन्स्टन्सचं नाव द्यायची गरजच उरत नाही. पीसीचं नाव किंवा आयपी, स्वल्पविराम, १४३३, एवढं पुरतं. ब्राउझर सेवा बंद ठेवता येते, यूडीपी १४३४ उघडावा लागत नाही. याला इतिहासही आहे. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) जगभर पसरला तो याच यूडीपी १४३४ मधून. अवघ्या ३७६ बाइट्सचा तो प्रोग्राम एसक्यूएल सर्व्हर २००० मधल्या एका त्रुटीवर बेतलेला होता, आणि त्या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच देऊन ठेवलेला होता. लोकांनी तो लावला नव्हता, इतकंच.

फायरवॉल: बंद करू नका, एक नियम लिहा

सर्व्हर पीसीवर ‘डब्ल्यूएफ.एमएससी’ चालवा. ‘इनबाउंड रूल्स’वर जाऊन ‘न्यू रूल’, मग ‘पोर्ट’, टीसीपी, १४३३, ‘अलाउ’. पुढे तीन खुणा येतील: डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक. प्रायव्हेटवर खूण ठेवा, पब्लिकची काढा. नियमाला ओळखता येईल असं नाव द्या. ‘रूल १’ असं नाव दिलं तर पुढच्या वर्षी तुमचं तुम्हालाच कळणार नाही. नियम तयार झाल्यावर त्याच्या ‘स्कोप’मध्ये जाऊन फक्त ‘लोकल सबनेट’ला (आपल्याच अंतर्गत नेटवर्कला) परवानगी दिली तर आणखी चांगलं.

आता यातली मेख. विंडोजने तुमचं नेटवर्क ‘पब्लिक’ ठरवलं असेल तर प्रायव्हेटसाठी लिहिलेला नियम लागूच होत नाही. इंटरनेटवाल्याने राउटर बदलून दिला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ते पब्लिकमध्ये टाकलं जाऊ शकतं. ‘काल राउटर बदलला, आज बिलिंग बंद’ हे ऐकलं की आधी सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोफाइल प्रायव्हेट आहे का ते बघावं.

अँटिव्हायरसने स्वतःची फायरवॉल लावली असेल तर विंडोजमध्ये लिहिलेला नियम निरुपयोगी ठरतो. तोच नियम अँटिव्हायरसमध्ये लिहावा लागतो. आणि घरून बिलं बघायची सोय म्हणून राउटरवर १४३३ हा पोर्ट इंटरनेटला उघडा टाकू नका. फारच गरज असेल तर व्हीपीएन वापरा. उघड्या १४३३वर पासवर्डांचा भडिमार सुरू व्हायला फार वेळ लागत नाही.

मग काउंटरवर या

पिंग करून बघायची सवय चांगली, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर द्यायचं नाकारू शकते आणि तरीही डेटाबेसचा पोर्ट उघडा असू शकतो. उलटही खरं: पिंग चालतं म्हणून पोर्ट उघडा असेल असं नाही.

पॉवरशेल उघडा आणि ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचा आयपी आणि ‘-पोर्ट १४३३’ देऊन चालवा. उत्तरात शेवटी ‘टीसीपीटेस्टसक्सीडेड’ अशी ओळ येते. तिच्यापुढे ‘ट्रू’ असेल तर नेटवर्कचा विषय संपला, थेट ड्रायव्हरकडे जा. ‘फॉल्स’ असेल तर ड्रायव्हरला हात लावू नका.

फॉल्स आल्यावर या क्रमाने बघा. काउंटरच्या पीसीवर ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या पीसीला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल, स्विचचा पोर्ट किंवा राउटर बघा. पत्ता ठीक आहे पण पहिले तीन आकडे सर्व्हरच्या पत्त्याशी जुळत नाहीत, म्हणजे सर्व्हर १९२.१६८.१.१० वर आणि काउंटर १९२.१६८.०.२५ वर, तर बहुधा कुणीतरी दुसरा राउटर मध्ये जोडलाय आणि दोन वेगळी नेटवर्कं झाली आहेत. काउंटर वायफायवर असेल तर तो ‘गेस्ट’ नेटवर्कला तर जोडलेला नाही ना, हे बघा. गेस्ट वायफाय इंटरनेट देतं, पण शेजारच्या पीसीपर्यंत सहसा पोचू देत नाही.

एक बारकावा इथे सांगायला हवा. पोर्टवर कुणी ऐकत नसेल तर १००६१ यायला हवा, पण विंडोजची फायरवॉल अशा वेळी मुद्दाम गप्प बसते, त्यामुळे काउंटरवर १००६० दिसू शकतो. म्हणून १००६० बघून ‘फायरवॉलच आहे’ असा निष्कर्ष काढू नये. सर्व्हरवरचा नेटस्टॅट आधी करायला सांगितला तो याचसाठी.

आयपी दिल्यावर चालतं आणि पीसीचं नाव दिल्यावर चालत नाही, तर प्रश्न नावाचा आहे. राउटरच्या डीएचसीपी (पीसींना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही. त्यानंतर प्रत्येक काउंटरवर विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरमधल्या ‘ड्रायव्हर्स’, त्यातल्या ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘होस्ट्स’ ही फाइल नोटपॅडने (अ‍ॅडमिन म्हणून) उघडून एका ओळीत पत्ता आणि नाव लिहा. पत्ता राखून न ठेवता फक्त होस्ट्समध्ये लिहिलं तर पुढे कधीतरी तेच जुनं दुखणं उपटेल.

आता ड्रायव्हर

चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ओडीबीसीची दोन वेगळी दुकानं असतात: एक ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरसाठी, एक ६४च्या. एका दुकानातला माल दुसऱ्यात दिसत नाही. घोटाळा नावांचा आहे. ६४ बिटांची ओडीबीसीएडी३२ ही फाइल ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये असते आणि ३२ बिटांची ‘सिसवॉव६४’मध्ये. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

म्हणून आधी सॉफ्टवेअर किती बिटांचं आहे ते शोधा. ते चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये जा, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘प्लॅटफॉर्म’ हा स्तंभ आणा. तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. एक्सेलसाठी ‘फाइल’, ‘अकाउंट’, ‘अबाउट एक्सेल’. जुनी बिलिंगची सॉफ्टवेअरं बरीचशी ३२ बिटांची असतात. त्यांच्यासाठी डीएसएन ३२च्या खिडकीतच बनवायचा.

डीएसएन दुसऱ्याच खिडकीत बनवला असेल किंवा नावात एखादं अक्षर चुकलं असेल तर आयएम००२ येतो. नाव सापडलं, पण ड्रायव्हर वेगळ्या बिटांचा निघाला, तर आयएम०१४. आयएम००३ आणि सोबत ‘सिस्टम एरर १२६’ असेल तर ड्रायव्हर नोंदलेला आहे, पण त्याची किंवा त्याला लागणारी एखादी फाइल गायब आहे. बहुतेकदा व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज. या शेवटच्या प्रकारात मात्र ड्रायव्हर पुन्हा टाकणं हाच योग्य उपाय.

‘यूजर डीएसएन’ आणि ‘सिस्टम डीएसएन’ यांतही फरक आहे. पहिला फक्त त्या लॉगिनला दिसतो ज्याने तो बनवला. तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून बनवला आणि काउंटरवरची मुलगी तिच्या लॉगिनने बसली, तर तिच्यासाठी तो अस्तित्वातच नाही. ऑफिसात नेहमी सिस्टम डीएसएन बनवा.

डीएसएन बनवताना सर्व्हरच्या चौकटीत आयपी, स्वल्पविराम, १४३३ लिहा. शेवटच्या पानावर ‘टेस्ट डेटा सोर्स’ बटण आहे. ती चाचणी पास होते आणि सॉफ्टवेअर तरी जोडत नाही, तर सॉफ्टवेअर हा डीएसएन वापरतच नाहीये. त्याच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये जुना पत्ता असेल. ‘क्लिकॉनएफजी’ (अक्षरं: सी-एल-आय-सी-ओ-एन-एफ-जी) चालवून ‘अलायस’ टॅबही बघून घ्या. जुन्या माणसाने सर्व्हरच्या नावाला टोपणनाव देऊन ते भलत्याच पत्त्याकडे वळवून ठेवलं असेल, तर तुम्ही कितीही बरोबर नाव टाका, जोडणी चुकीच्याच ठिकाणी जाणार. ही खिडकीही ३२ आणि ६४साठी वेगळी आहे.

ड्रायव्हरच्या यादीत ‘एसक्यूएल सर्व्हर’ एवढंच नाव असलेला ड्रायव्हर विंडोजसोबत येतो आणि फार जुना आहे. नव्या कामासाठी ‘ओडीबीसी ड्रायव्हर १७’ किंवा ‘१८ फॉर एसक्यूएल सर्व्हर’ घ्या. ‘नेटिव्ह क्लायंट’ मायक्रोसॉफ्टने मोडीत काढलाय. २०२२च्या एसक्यूएल सर्व्हरसोबत तो येत नाही.

१७ वरून १८ वर गेल्यावर एक नवीनच एरर दिसतो: सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट विश्वासार्ह संस्थेने दिलेलं नाही, अशा अर्थाचा. १८ पासून जोडणी एन्क्रिप्ट करणं हे मूळ सेटिंग झालं, आणि तुमच्या सर्व्हरने स्वतःचं स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट त्याला मान्य नाही. चार भिंतींतल्या नेटवर्कवर ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला ‘येस’ म्हटलं तर चालून जातं. एन्क्रिप्शनच बंद करण्यापेक्षा हे बरं. पण सर्व्हर इमारतीबाहेर असेल तर खरं सर्टिफिकेट बसवा. सॉफ्टवेअर जुनं असून त्यात हे सेटिंग देण्याची सोयच नसेल, तर १७ शेजारी टाका. दोन्ही एकाच पीसीवर सुखाने राहतात.

लॉगिन नाकारलं तर

१८४५६ आल्यावर काउंटरवर कारण मुद्दाम सांगितलं जात नाही. खरं कारण सर्व्हरच्या त्याच एररलॉगमध्ये ‘स्टेट’ या आकड्यात असतं. स्टेट ५: त्या नावाचं लॉगिनच नाही. स्टेट ८: पासवर्ड चुकला. स्टेट ३८: मागितलेला डेटाबेस सापडला नाही. स्टेट ५८: सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतो आणि तुम्ही एसक्यूएलचं दिलंत. शेवटचं असेल तर एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओत सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’खाली दोन्ही प्रकार चालतील असा पर्याय निवडा आणि सेवा रीस्टार्ट करा.

१८४५२ हा त्याचाच भाऊ. लहान ऑफिसात डोमेन नसतं, प्रत्येक पीसी स्वतंत्र असतो, त्यामुळे एका पीसीचं विंडोज लॉगिन दुसरा पीसी ओळखत नाही. दोन्हीकडे तंतोतंत तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवून काम भागतं, पण एसक्यूएलचं वेगळं लॉगिन बनवणं जास्त सरळ. ते बनवताना ‘एसए’ हे सर्वाधिकार असलेलं लॉगिन सगळ्या काउंटरवर वाटू नका.

सर्व्हर नव्या पीसीवर हलवून बॅकअप रीस्टोअर केल्यावर ४०६० येणं नेहमीचं. डेटाबेसमधला यूजर जुन्या सर्व्हरच्या लॉगिनशी बांधलेला असतो आणि नव्यावर तो बेवारस होतो. ‘ऑल्टर यूजर’ या आज्ञेने ‘विथ लॉगिन’ असं सांगून त्याला नव्या लॉगिनशी पुन्हा जोडा.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस असेल तर

क्रम तोच, आकडे वेगळे. मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०६. उबुंटूवरच्या पॅकेजमध्ये ‘बाइंड-अ‍ॅड्रेस’ १२७.०.०.१ असतो, तो बदलल्याशिवाय बाहेरून कुणी येऊ शकत नाही. तेव्हा २००३ हा एरर दिसतो. ११३० म्हणजे तुमच्या पीसीला परवानगी नाही. मायएसक्यूएलमध्ये यूजरची ओळख नाव आणि तो कुठून आलाय या दोन्हींची मिळून होते. लोकलहोस्टवरून येणारा ‘बिलिंग’ आणि १९२.१६८.१.२५ वरून येणारा ‘बिलिंग’ ही त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं. म्हणून १०४५ आल्यावर पासवर्ड बदलण्याआधी यूजरच्या पुढचा होस्ट बघा. २०५९ आला तर कनेक्टर (मायएसक्यूएलचा ड्रायव्हर) जुना आहे: ८.० पासून पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली. सर्व्हरला जुन्या पद्धतीवर आणण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळेल, तो मानू नका, ९.० मधून ती जुनी पद्धत काढूनच टाकली आहे. कनेक्टर नवा घ्या.

पोस्टग्रेसचा पोर्ट ५४३२. दोन फाइली बघायच्या: एकीत ‘लिसन_अ‍ॅड्रेसेस’, दुसरी ‘पीजी_एचबीए’, जिच्यात कुठल्या पत्त्यावरून कुणी कुठल्या डेटाबेसला यायचं ते ओळीओळीने लिहिलेलं असतं. पहिली बदलली तर रीस्टार्ट, दुसरीला रीलोड पुरतो. ‘ऑथेंटिकेशन टाइप १०’ चालत नाही असं कुणी म्हटलं तर ड्रायव्हर जुना आहे.

अधूनमधून तुटतं, ते सगळ्यांत त्रासदायक

आपल्याकडे याचं एक कारण फार वेळा सापडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सर्व्हर यूपीएसवर असतो, काउंटरही असतो, पण कोपऱ्यातला स्विच साध्या सॉकेटवर. लाइट क्षणभर जाते, ट्यूबलाइट लुकलुकते, पीसींना कळतही नाही, पण स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सॉफ्टवेअर मात्र जुनीच जोडणी धरून बसतं आणि पुढच्या बिलाला ०८एस०१ किंवा १००५४ दाखवतं. स्विच आणि राउटर यूपीएसवर घ्या. दोन्ही मिळून फारशी वीज खात नाहीत.

दुसरं कारण झोप. सर्व्हर म्हणून वापरलेल्या पीसीचं ‘स्लीप’ बंद हवं, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्याची खूणही काढलेली हवी.

दिवसाची पहिली जोडणी, किंवा जेवणाच्या सुट्टीनंतरची, खूप वेळ घेते किंवा टाइमआउट होते, पण लगेच दुसऱ्यांदा जमते: एक्स्प्रेसमध्ये बनवलेल्या डेटाबेसला ‘ऑटो क्लोज’ चालू असतो. शेवटचा माणूस बाहेर पडला की डेटाबेस बंद होतो, आणि पुढच्या हाकेला उघडायला वेळ घेतो. डेटाबेसच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑप्शन्स’खाली तो ‘फॉल्स’ करा.

जोडणी होते, जुनी बिलं दिसतात, पण नवं बिल सेव्ह होत नाही, हा नेटवर्कचा बिघाड समजला जातो, पण एक्स्प्रेसच्या २०२२पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. डेटाबेसचा आकार बघून घ्या.

जोडलं, पण नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

‘सुनंदा’च्या जागी सहा प्रश्नचिन्हं दिसली तर दोन जागा तपासा. टेबलातल्या स्तंभाचा प्रकार ‘व्हारकॅर’ असेल तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरी सहसा टिकत नाही, तो ‘एनव्हारकॅर’ हवा. आणि हाताने लिहिलेल्या आज्ञेत मराठी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी मोठा ‘एन’ लावायला हवा. मायएसक्यूएलच्या ओडीबीसीत ‘एएनएसआय’ आणि ‘युनिकोड’ असे दोन ड्रायव्हर मिळतात. युनिकोडचा घ्या, आणि टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवा.

डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हच साठलं असेल तर मूळ अक्षर गेलं. ड्रायव्हर बदलून ते परत येत नाही, बॅकअपमधूनच काढावं लागतं. पण प्रश्नचिन्हांऐवजी इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसत असेल आणि डेटा जुना असेल, तर बहुधा काहीच हरवलेलं नाही. तो युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर आहे. काउंटरच्या पीसीवर तो फाँट टाका, नाहीतर मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, आणि आणण्याआधी डेटाबेसचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवा.